जाणीव आढळली नाही म्हणजे काय?

मेंदूला जबर इजा झालेल्या माणसात जाणीव उरली आहे का, हा प्रश्न वैद्यकाचा जितका, तितकाच प्रमाणशास्त्राचाही आहे. दुसऱ्याची जाणीव कोणालाच प्रत्यक्ष दिसत नाही. बोलण्या-हालण्यावरून तिचे अनुमानच करावे लागते.

पुणे-बंगळूर महामार्गावरच्या अपघातानंतर कराड किंवा मिरजेच्या अतिदक्षता विभागात असलेला रुग्ण काही आठवड्यांनी डोळे उघडतो, तेव्हा घरच्यांना तो शुद्धीवर आला असे वाटते. पण जाग येणे वेगळे आणि भान येणे वेगळे. झोप-जागेचे चक्र चालू, भानाची खूण मात्र नाही, अशा अवस्थेला जेनेट आणि प्लम यांनी १९७२ मध्ये 'पर्सिस्टंट व्हेजिटेटिव्ह स्टेट' हे नाव दिले.

तपासताना रुग्णाच्या चेहऱ्यासमोर आरसा धरून हळूहळू सरकवतात आणि नजर प्रतिबिंबामागे जाते का ते पाहतात. त्याच्या घरच्या बोलीत 'हात उचल' म्हणून थांबतात. भान येते-जाते, त्यामुळे एकाच तपासणीवर निकाल देणे रुग्णावर अन्याय आहे. २००९ च्या एका बेल्जियन अभ्यासात, नेहमीच्या निरीक्षणावरून व्हेजिटेटिव्ह ठरवलेल्या सुमारे ४० टक्के रुग्णांत काटेकोर चाचणीने भानाच्या खुणा सापडल्या.

सातारा जिल्ह्यातल्या वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींसारख्यांनी ज्या न्याय-मीमांसेचा व्यासंग केला, तिथे याला लागू पडणारा एक नियम आहे: योग्यानुपलब्धी. उजेडात जमिनीवर घट दिसला नाही, तर तो नाही असे म्हणता येते, कारण असता तर दिसलाच असता. अंधारात तसे म्हणता येत नाही. हात उचलण्याची शक्तीच गेलेल्या रुग्णाची जाणीव अशी अंधारात असते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आज्ञेला कोणताही प्रतिसाद न देणाऱ्या २४१ पैकी ६० जणांचे मेंदू सूचनेनुसार काम करत असल्याचे मेंदूची हालचाल टिपणाऱ्या यंत्रांना आढळले. मात्र उघडपणे आज्ञा पाळणाऱ्या ११२ पैकी ४३ जणांतच यंत्राला तशी खूण मिळाली. म्हणजे यंत्राचे 'नाही'सुद्धा निर्णायक नव्हे.

हाच प्रश्न अरुणा शानबाग यांच्याबाबतही उभा राहिला. मेंदूला इजा झालेल्या शानबाग नोव्हेंबर १९७३ पासून मुंबईच्या केईएम रुग्णालयात रुग्ण म्हणून होत्या. त्यांना भरवणे थांबवावे, या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तीन डॉक्टरांना व्हेजिटेटिव्ह अवस्थेचे बहुतेक निकष त्यांना लागू पडताना दिसले. त्या मेंदूमृत नाहीत आणि कोमातही नाहीत, हेही त्यांनी नोंदवले. रुग्णालयाच्या निवेदनात त्यांच्या चेहऱ्यावरच्या भावांचा, आवाजांचा उल्लेख होता. वर्षानुवर्षे भरवणाऱ्या परिचारिकांचे निरीक्षण माया म्हणून बाजूला सारता येत नाही. येत्या-जात्या भानाचा तोच सर्वांत दीर्घ पुरावा असतो. पण जाणीव आहे की नाही आणि उपचार थांबवावेत की नाही, हे दोन प्रश्न आहेत. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने कडक अटींवर निष्क्रिय दयामरणाचा मार्ग मोकळा केला, पण शानबाग यांच्यासाठीची ती याचिका फेटाळली. १८ मे २०१५ रोजी केईएममध्येच त्यांचे निधन झाले.