बोलविता धनी आणि हरवलेले नाव

एका माणसाने दुसऱ्याला अंकित करण्याचे जे नाना मार्ग आहेत, त्यांत बळाचा मार्ग सर्वांत उघड, आणि म्हणूनच सर्वांत कमी चिवट असतो. ज्याच्यावर बळ वापरले जाते, त्याला आपण जिंकले गेलो आहोत एवढे तरी ठाऊक असते. याहून खोल जाणारी सत्ता ‘तू कोण आहेस’ हे सांगण्याचा अधिकार आपल्या हाती घेते. तिला साखळदंड लागत नाहीत; तिला केवळ एक विस्मृत श्रोता लागतो. अशा श्रोत्याला त्याचीच कथा दुसऱ्याने सांगितली, आणि ती खोटी असली, तर ती नाकारण्याचा आधार त्याला कोठून मिळावा? स्वत्वाविषयीच्या चर्चेत हा प्रश्न बहुधा उदाहरणादाखल येतो. एका जपानी दृश्य-कादंबरीने मात्र त्यालाच आपल्या रचनेचा कणा केले आहे.

‘दृश्य-कादंबरी’ हा प्रकार मराठी समीक्षेला अद्याप परका आहे. संगणकाच्या पडद्यावर स्थिर चित्रे, त्यांवर उमटणारी संहिता, संगीत, आणि अधूनमधून वाचकापुढे ठेवलेले पर्याय असे त्याचे स्थूल स्वरूप. ‘ओतोगिरिसो’ या 1992 च्या कृतीने या रचनेचा पाया घातला. ‘व्हिज्युअल नॉव्हेल’ हे नाव रूढ झाले ते लीफ या संस्थेच्या 1996 मधील ‘शिझुकु’पासून. केवळ प्रौढांसाठी काढलेल्या या काळोख्या कृतीचा विषय अदृश्य लहरींनी दुसऱ्याच्या मनाचा ताबा घेणे हा असावा, याला निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. पुष्कळदा वाचकाला ‘तू’ म्हणून कथेत ओढणारा आणि त्याच्या हाती निवडीचे सुकाणू दिल्याचा भास निर्माण करणारा हा प्रकार मुळातच सत्तेच्या प्रश्नाशी बांधलेला आहे.

केइका हानादा यांनी लिहिलेली आणि नोव्हेक्टॅकल या गटाने 2012 मध्ये जपानमध्ये प्रसिद्ध केलेली ‘फाता मोर्गाना नो याकाता’ ही कृती 2016 मध्ये इंग्रजीत आली. तिचे प्रौढत्व लैंगिक दृश्यांवर अवलंबून नाही. ते क्रौर्याकडे पाहण्याच्या दृष्टीत आहे. फाता मोर्गाना म्हणजे मृगजळ. मेसिनाच्या सामुद्रधुनीत दिसणाऱ्या आभासाला आर्थरकथांतील जादूगारणीवरून पडलेले हे नाव. एका जीर्ण वाड्यात ‘तू’ जागा होतोस. नाव नाही, भूतकाळ नाही, आपण स्त्री की पुरुष हेही ठाऊक नाही. समोर एक दासी उभी असते. ती त्याला ‘धनी’ म्हणते, आणि स्मृती परत मिळावी म्हणून वाड्याची एकेक दारे उघडून त्यांमागच्या शोकांतिका दाखवू लागते. एका दारामागे 1603 सालातील रोड्स घराण्याची भावंडे मेल आणि नेली. दुसऱ्यामागे, 1707 मध्ये, स्वतःला श्वापद समजणारा युकिमासा. तिसऱ्यामागे 1869 मधील धनाढ्य उद्योजक जाकोपो आणि त्याची एकाकी पत्नी. चौथ्यामागे अकराव्या शतकाच्या अखेरचा, शापित मानला गेलेला मिशेल.

येथे धनी आणि दासी यांचे नाते प्रथमदर्शनीच उलटे आहे. ज्याला धनी म्हटले जाते तो काहीच जाणत नाही. जी सेवा करते तिच्याकडे सर्व किल्ल्या आहेत. कोणते दार आधी उघडायचे, कोणत्या प्रसंगावर थांबायचे, कोठे सुस्कारा टाकायचा, हे सारे ती ठरवते. मराठीत ‘बोलविता धनी’ असा जो शब्दप्रयोग आहे, त्याचे हे जणू विडंबन होय: धनी म्हणवला जाणारा मुका आहे आणि बोलविता धनी दासीच्या वेषात आहे. सेवेची भाषा नियंत्रणाला सर्वांत सुरक्षित आडोसा देते, कारण जो आपल्यासाठी झिजतो त्याच्या हेतूविषयी शंका घेणे कृतघ्नपणाचे वाटते. तिसऱ्या दारामागे हीच यंत्रणा लहान प्रमाणावर दिसते. जाकोपो आणि त्याची पत्नी यांच्यामध्ये मारिया उभी आहे. दोघांचीही विश्वासू म्हणवणारी ही स्त्री जुन्या सुडापोटी प्रत्येकापर्यंत दुसऱ्याचे विकृत रूप पोहोचवते. तिला फारसे काही घडवून आणावे लागत नाही. दोन माणसांमधली वाट आपल्या ताब्यात ठेवली की उरलेले काम त्या माणसांचा अहंकार आणि भीती करतात.

वेन बूथ यांनी ‘द ऱ्हेटरिक ऑफ फिक्शन’मध्ये (1961) मांडलेली अविश्वसनीय निवेदकाची संकल्पना येथे अपुरी पडते. त्या संकल्पनेत निवेदक घसरला तरी वाचक आणि गर्भित लेखक हे त्याच्या डोक्यावरून एकमेकांना खूण करू शकतात. वाचकाचे पाय जमिनीवर असतात. दासीच्या निवेदनात मात्र ऐकणाऱ्याचे अस्तित्वच पणाला लागलेले आहे. चौथ्या दारामागची कथा बनावट असल्याचे पुढे उघड होते. तेव्हा बदलते ती केवळ एका पात्राची हकिगत नव्हे. ऐकणारा स्वतः मिशेल आहे, आणि त्याला त्याच्याच आयुष्याची खोटी प्रत देण्यात आली होती.

जॉन लॉक यांनी आपल्या निबंधाच्या 1694 मधील दुसऱ्या आवृत्तीत व्यक्तीची एकता जाणिवेच्या सातत्यावर उभी केली. जेथवर माणसाची जाणीव मागे पोहोचते, तेथवर तो ‘तो’ असतो. हे मान्य केले तर स्मृती पुरवणारा हाच स्वत्वाचा मालक ठरतो. पॉल रिकर यांनी 1990 च्या ग्रंथात कथनात्मक स्वत्वाची जी मांडणी केली, तिच्यात माणूस आपल्या आयुष्याची कथा रचत स्वतःला ओळखत जातो. ही मांडणी उदार आहे. आपल्या कथेत इतरांच्या कथा गुंतलेल्या असतात, याचेही भान तिला आहे. परंतु लेखणीच जर शत्रूच्या हाती असेल, तर कथेतून मिळणारे स्वत्व आणि कथेतून होणारी लूट यांत भेद कसा करावा, याचे उत्तर केवळ कथनाच्या संकल्पनेतून निघत नाही.

मिशेलचा नकार येथे महत्त्वाचा ठरतो. सांगितलेल्या कथेत काहीतरी खोटे आहे, ही जाणीव त्याला होते तेव्हा खरी कथा त्याच्यापाशी नसते. म्हणजे त्याचा नकार स्मृतीवर आधारलेला नाही. मग कशावर? या नकाराची मुळे त्याच्या पूर्वायुष्यात शोधता येतात. जन्मतः त्याला मुलगी ठरवून मिशेल हेच नाव स्त्रीलिंगी रूपात देण्यात आले. वयात येताना शरीराने वेगळी वाट धरली, तेव्हा घरच्यांनी त्यात सैतान पाहिला आणि त्याला कोंडले. इतरांनी लिहिलेल्या संहितेत न मावण्याचा अनुभव त्याने आधीच घेतलेला आहे. तपशील पुसले गेले तरी न मावण्याची ती खूण उरते. स्वत्वाचा तळ कदाचित येथे आहे. मी कोण, हे सांगता येण्याच्या आधी ‘हा मी नव्हे’ एवढे म्हणता येणे, हा त्याचा अगदी लहान पण हिरावता न येणारा अंश होय.

याहून अवघड प्रकरण दासीचे आहे. ती मूळची जिझेल. बॉलिंजर घराण्यात ती नोकर होती. मिशेलच्या पित्याच्या अत्याचाराला बळी पडली, आणि शिक्षा मात्र तिलाच होऊन मिशेलच्या निर्वासित वाड्यात तिची रवानगी झाली. तेथे दोन बहिष्कृतांमध्ये प्रेम जुळले. मिशेलच्या अंतानंतर त्याची वाट पाहता यावी म्हणून तिने मोर्गानाशी करार केला, आणि शतकानुशतके वाड्याच्या एकामागून एक आलेल्या धन्यांची सेवा करता करता ती आपले नावच विसरली. दुसऱ्याची ओळख घडवणारी ही निवेदिका स्वतःची ओळख हरवून बसलेली आहे. भूमिका इतकी दीर्घकाळ वठवली गेली की खाली चेहरा उरला नाही.

म्हणून ती निर्दोष ठरते काय? कृती येथे सोपी वाट धरत नाही. दुःखाचे कारण कळणे आणि कृत्याची जबाबदारी संपणे, या दोन गोष्टी ती वेगळ्या ठेवते. मोर्गानाच्या संदर्भात हा भेद अधिक तीव्र होतो. तिच्या रक्तात रोग बरे करण्याचे सामर्थ्य आहे, या समजुतीपायी तिला मनोऱ्यात कोंडून तिच्या देहाची विटंबना करण्यात आली. तिच्या विश्वासाचा घात करणारे तीन पुरुषच मेल, युकिमासा आणि जाकोपो म्हणून पुन्हा जन्म घेतात, आणि त्यांच्या शोकांतिका हा तिच्या शापाचा परिपाक असतो. ज्याची काहीच जाणीव उरलेली नाही अशा पूर्वजन्मीच्या कृत्यासाठी माणसाला शिक्षा करणे, हे त्याला मुळातच दुःखी जन्माला घालण्यापेक्षा वेगळे कसे, हा लॉक यांचाच प्रश्न. मोर्गानाचा सूड त्या प्रश्नापाशी अडतो. तिची व्यथा खरी आहे, गुन्हा खरा आहे. तरीही तिने निवडलेला दंड न्यायाच्या व्याख्येत बसत नाही. कारण ज्यांना भोगावे लागते त्यांना आपण कशासाठी भोगत आहोत हे कळतच नाही. पीडितेने येथे तिच्या छळकर्त्यांचेच साधन उचलले आहे: दुसऱ्याच्या आयुष्याची कथा त्याच्या नकळत लिहिणे.

मिशेल दासीला जिझेल म्हणून ओळखतो आणि त्या नावाने हाक मारतो, तेव्हा एक आक्षेप उभा राहतो. हेही दुसऱ्याला नाव देणेच नव्हे काय? दासीने मिशेलवर कथा लादली. मिशेल तिच्यावर नाव लादतो. फरक खरेपणाचा आहे असे म्हणणे पुरेसे नाही, कारण खरे सांगूनही माणसाला बांधता येते. फरक हाकेच्या स्वरूपात आहे. लादलेले नाव उत्तराची वाट पाहत नाही. ते निर्णयाप्रमाणे उच्चारले जाते. हाक मात्र प्रतिसादावर अवलंबून असते आणि प्रतिसाद न मिळण्याचा धोका पत्करते. ज्या संबोधनात समोरच्याच्या नकाराला जागा आहे, ते संबोधन सत्तेचे हत्यार होत नाही. नियंत्रण आणि प्रेम यांना वेगळे करणारी ही कसोटी भावनेच्या उत्कटतेपेक्षा अधिक भरवशाची आहे. मारिया, दासी, मोर्गाना यांच्यापैकी कोणाच्याही भावनेत उत्कटतेची उणीव नव्हती.

ही कसोटी कृतीलाही लावली पाहिजे. निवडीच्या जागा येथे मोजक्याच आहेत, आणि चुकीची निवड बहुधा कथा अकाली संपवते. संगीत कोणत्या क्षणी कोणती भावना जागवावी हे आधीच ठरलेले आहे. सत्य दीर्घकाळ दडवून, मग उघड करून, वाचकाचा पूर्वीचा कल फिरवला जातो. लेखक हाच अखेरचा बोलविता धनी आहे. मोर्गानाच्या यातनांचे दर्शनही काही ठिकाणी इतके लांबते की करुणेची जागा पाहण्याची चटक घेईल की काय, अशी शंका येते. तो दोष झाकण्याचे कारण नाही. परंतु आपल्या निवेदिकेचा खोटेपणा ही कृती स्वतःच उघड करते आणि वाचकाला मागे जाऊन प्रत्येक दार पुन्हा तपासायला लावते. दुसऱ्या वाचनात तोच सुस्कारा, तेच ‘धनी’ हे संबोधन वेगळे ऐकू येते. वाचकाला फसवणारी कृती त्याला फसवणूक ओळखायलाही शिकवत असेल, तर तिने त्याच्या नकाराला जागा ठेवली असे म्हणता येते. ती जागा पुरेशी आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार मात्र तिने वाचकाकडून काढून घेतलेला नाही.