बिर्गूच्या धक्क्यावरून

जिंकणं म्हणजे काय, हे कम्प्युटरला आधी सांगावं लागतं. ‘एज ऑफ एम्पायर्स’चा दुसरा भाग १९९९ साली आला आणि तेव्हापासून त्याने कित्येक पोरांच्या सुट्ट्या खाल्ल्या. त्यात सिनॅरिओ एडिटर नावाची एक सोय आहे. नकाशा तुम्ही आखायचा, टेकड्या, पाणी, तटबंदी तुम्ही मांडायची, सैन्य वाटून द्यायचं आणि मग ट्रिगर लिहायचे. ट्रिगर म्हणजे सरळ जर-तरचा व्यवहार. जर बोट या चौकोनात पोचली, तर तिथे दहा सैनिक उभे कर. त्यातच एक ट्रिगर असा असतो, की अमुक झालं म्हणजे खेळाडू जिंकला. बहुतेक हौशी सिनॅरिओंत हे ‘अमुक’ एकच असतं : समोरच्याचा नायनाट.

सकाळी सकाळी लढाया कशाला, असं कुणी म्हणेल. पण लढाई रचायला बसलेला माणूस लढत नसतो. तो दुसऱ्यासाठी पेच तयार करत असतो, आणि पेच कठीण कशामुळे होतो हा काही फक्त खेळापुरता प्रश्न नाही.

कठीण सिनॅरिओ करायचा म्हटला, की नवशिका शत्रूची फौज तिप्पट करून टाकतो. हे आळशी काम. चांगला खेळाडू एखादी अरुंद वाट हेरतो, तिथे भिंत घालतो, मागे धनुर्धर उभे करतो, आणि ती तिप्पट फौज तिथे येऊन येऊन मरते. संख्येला तोड असते. तोड नसलेला पेच हवा असेल, तर मला वाटतं, माल्टाच्या १५६५ सालच्या वेढ्याकडे जावं.

त्या वर्षीच्या मे महिन्यात सुलतान सुलेमानचं आरमार माल्टाला आलं. बेटावर सेंट जॉनच्या पंथाचे नाइट होते, त्यांचा प्रमुख जाँ द व्हालेत. नाइट, भाडोत्री शिपाई आणि माल्टी लोक मिळून हे सगळे काही हजार. समोर त्याच्या कितीतरी पट. व्हालेतचं ठाणं होतं बिर्गूला. समोरच्या खडकाळ भूशिराच्या टोकावर सेंट एल्मो नावाचा छोटा, ताऱ्याच्या आकाराचा किल्ला होता, जेमतेम तेरा वर्षांपूर्वी बांधलेला. मधे बंदराचं पाणी. आरमारप्रमुख पियाले पाशाला आपली गलबतं उभी करायला सुरक्षित बंदर पाहिजे होतं आणि ते एल्मोच्या पलीकडच्या बाजूला होतं. म्हणून आधी एल्मो. थोड्या दिवसांत पडेल असा तुर्की सेनापतींचा हिशेब होता. तो पडला २३ जूनला, जवळपास महिनाभराने, आणि तोवर तुर्कांचे हजारो लोक गेले. त्यात तुर्गुत रईससारखा मुरलेला दर्यावर्दीही होता.

आता हे एडिटरमध्ये मांडून बघा. खेळाडूला किल्ल्यात बसवलं, की झाला नेहमीचा तटावरचा खेळ. त्याला बिर्गूच्या धक्क्यावर बसवायला हवं. कारण एल्मो महिनाभर टिकला तो रात्रीच्या बोटींमुळे. अंधार पडला की बिर्गूहून ताजी माणसं घेऊन होड्या निघायच्या आणि जखमींना घेऊन परत यायच्या. तुर्गुतने किनाऱ्यावर तोफा मांडून ही वाट हळूहळू आवळत नेली आणि शेवटच्या दिवसांत ती पार बंद झाली.

म्हणजे खेळाडूच्या हातात रोज रात्री एकच निर्णय : आज किती माणसं पाठवायची? कमी पाठवली तर एल्मो आठवड्यात पडतो आणि अख्खा उन्हाळा हाताशी असलेली फौज बिर्गूवर चालून येते. जास्त पाठवली तर एल्मो टिकतो, पण बिर्गूची पाळी येते तेव्हा तटावर उभं राहायला माणूस उरत नाही. किल्ला वाचवणं हा पर्यायच नाही. तो पडणारच आहे, फक्त कधी पडतो ते तुमच्या हातात. इथे जिंकण्याचा ट्रिगर ‘शत्रू संपला’ असा लिहिताच येत नाही. दिवस काढले, एवढंच लिहिता येतं.

‘एज ऑफ एम्पायर्स’च्या तिसऱ्या भागाची गोष्ट याच वेढ्यापासून सुरू होते. पण तिथे एक काल्पनिक नायक लढतो आणि थोड्याच वेळात कथा चिरतारुण्याच्या झऱ्याच्या मागे धावत सुटते. एवढा ऐवज हाताशी असताना झरा कशाला लागतो, देव जाणे.

या वेढ्यातला एक प्रसंग मात्र खेळात बसवणं फार अवघड आहे. जूनच्या सुरुवातीला एल्मोतल्या काही तरुण नाइटांनी व्हालेतला पत्र पाठवलं : किल्ला आता राखता येत नाही, आम्हाला बाहेर पडून लढता लढता मरू द्या. व्हालेतने उलट निरोप धाडला, की ज्यांना परत यायचंय त्यांनी खुशाल यावं, त्यांच्या जागी जाणारे तयार आहेत. नुसतं म्हणून थांबला नाही, स्वखुशीने जाणारी माणसं खरोखरच गोळा झाली. तेव्हा आतल्यांना लाज वाटली आणि आम्हीच राहतो म्हणून त्यांनी विनवलं.

खेळातला सैनिक असं पत्र लिहीत नाही. त्याच्यावर क्लिक केलं, की तो आपल्या भाषेत दोन शब्दांचा होकार देतो आणि सांगाल तिकडे मरायला जातो. पण ट्रिगरमध्ये मालकी बदलण्याची सोय आहे. त्या रात्री किल्ल्यातल्या निम्म्या सैनिकांचा रंग बदलून टाकायचा. ते उभे तिथेच, पण आता तुमचं ऐकत नाहीत. खेळाडू बावचळेल, चारदा क्लिक करून बघेल. मग पडद्यावर पत्राचा मजकूर. तोड एकच : बिर्गूतली चांगली तुकडी बोटीत चढवायची. बोटीने धक्का सोडला रे सोडला, की किल्ल्यातल्यांचा रंग पूर्ववत. हे सुचायला सेनापती असावं लागत नाही, माणसं ओळखावी लागतात.

आता राहिलं घड्याळ. खेळाच्या नव्या आवृत्तीत पडद्यावर उलटे मोजणारे आकडे दाखवता येतात आणि खेळाडूंना ते हवे असतात. पण आकडे दिसले की निर्णयाचं त्रैराशिक होतं. इतकी मिनिटं उरली, मिनिटाला इतके सैनिक, की झालं. पावनखिंड ठाऊक असलेल्या मराठी माणसाला वेळ काढणं हाच विजय, हे पटवावं लागत नाही. पण तिथे खूण ठरलेली होती : विशाळगडावरून तोफा ऐकू येईपर्यंत. व्हालेतकडे होतं ते सिसिलीचा व्हाइसरॉय डॉन गार्सिया याचं मदतीचं आश्वासन. जुलैत सहा-सातशे माणसांची छोटी कुमक पोचली. खरी मोठी फौज बेटावर उतरेपर्यंत सप्टेंबर उजाडला. एल्मोत मेलेल्यांना तर आपण नेमके किती दिवस काढायचे आहेत, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

मग पडद्यावर ‘मदत लवकरच’ असा निरोप द्यायचा आणि ती आणायचीच नाही, हे चालेल? खेळाडूला फसवलं म्हणून शिव्या पडतील. मला विचाराल तर शत्रूचं लपवलेलं सैन्य अचानक मागून आणणं ही लबाडी, पण व्हालेतला जेवढं कळलं तेवढंच खेळाडूला कळू देणं ही नाही. अडचण वेगळीच आहे. एकदा हरलेला माणूस दुसऱ्यांदा खेळायला बसतो तेव्हा त्याला सगळं ठाऊक असतं. व्हालेतला दुसरा डाव नव्हता.

त्यावरही नव्या आवृत्तीत एक उपाय आहे. ट्रिगरला शक्यतेची अट घालता येते : दर काही मिनिटांनी मदत येण्याची शक्यता इतके टक्के. म्हणजे कधी ती लवकर येईल, कधी रखडेल, आणि प्रत्येक डावात वेगळी. मग सिनॅरिओ तपासून बघायला कर्ता स्वतः बसला, तर नकाशातला खडक न् खडक ओळखीचा असूनही आज रात्री बोटीत किती माणसं चढवायची, हे त्यालाही अंदाजानेच ठरवावं लागेल.