आधी दार वाजवावे



शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करावी, ही आज्ञा आपण धर्मशिक्षणाच्या वर्गातच पाठ करतो. पण तो शेजारी भिंतीपलीकडे राहत असेल आणि त्याचा कुत्रा दिवसभर भुंकत असेल, तर?

आमचाच अनुभव सांगतो. आम्ही बदलापूरला राहतो. घरात अंबरनाथच्या कारखान्यातली रात्रपाळी आहे. सकाळी घरी येऊन डोळा लागतो न लागतो, तोच शेजारच्या बाल्कनीतला कुत्रा भुंकू लागायचा. आठवडाभर सहन केले आणि सोसायटीकडे अर्ज दिला. उत्तर आले की भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या सूचनांनुसार सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही. मग पोलीस ठाणे गाठले. तेथे एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रार, नोंदवली गेली. अशा तक्रारीचा तपास न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय होत नाही. आमच्या हाती एक कागद आला. कुत्रा भुंकतच राहिला आणि शेजाऱ्यांनी आमच्याशी बोलणे टाकले.

ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम आहेत. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 10 ते सकाळी 6 पर्यंत 45 डेसिबल, अशी आवाजाची मर्यादा त्यांत आहे. नियम चांगलेच आहेत. पण रात्रपाळीच्या माणसाची रात्र सकाळी सुरू होते, हे नियमाला कसे कळणार? ते शेजाऱ्यालाच कळू शकते, आणि तेही कोणी सांगितले तर. आम्ही ते सांगितलेच नव्हते. अर्ज केला, ठाण्यात गेलो, पण शेजारची बेल एकदाही वाजवली नाही.

मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात प्रभूने तंटा मिटवण्याचा क्रम सांगितला आहे. आधी दोघांनीच एकांतात बोलावे. मग एकदोघांना सोबत न्यावे. त्यानंतरच मंडळीला सांगावे. आम्ही पहिली पायरी सोडून वरच्या पायरीवर उडी मारली होती.

शेवटी एका रविवारी संध्याकाळी त्यांचे दार वाजवले. आम्हाला पाहून ताई गप्पच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “तुम्ही खोटी तक्रार केलीत असंच आम्हाला वाटलं. आमचा मोती तर भुंकतच नाही!” त्यांचे खरेच होते. ते दोघे घरी असताना मोती शांत असतो. पण दोघांच्याही नोकऱ्या मुंबईत, जवळपास 68 किलोमीटरवर. पहाटेची लोकल पकडायची आणि रात्री नऊला परत यायचे. तोवर मोती बाल्कनीत बांधलेला, एकटा. आम्ही ज्याला उपद्रव म्हणत होतो, ते त्या मुक्या जीवाचे रडणे होते.

आता ते मोतीला घरातच ठेवतात आणि निघण्यापूर्वी लांब फिरवून आणतात. दुपारी झोप झाली की आम्ही त्याला खाली नेतो. त्यांची किल्ली आमच्या खुंटीवर असते. मोती अजूनही कधीतरी भुंकतो. पण तो का भुंकतो हे आता आम्हाला ठाऊक आहे.

तक्रार करणे म्हणजे पाप नव्हे. समजावूनही कोणी ऐकत नसेल, दमदाटी करत असेल, तर कायद्याचा आधार जरूर घ्यावा. कुत्रा पाळणाऱ्यानेही लक्षात ठेवावे की प्राणी घरी आणला म्हणजे त्याच्या एकटेपणाची आणि शेजाऱ्याच्या झोपेची जबाबदारीही घरी आली. मात्र ज्याच्याशी आपण एकदाही बोललो नाही, त्याला दोषी ठरवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

उल्हासनगरच्या कॅम्पातली घरे असोत की अंबरनाथ-बदलापूरच्या इमारती, मधली भिंत दोघांची एकच असते. पुढच्या रविवारी मिस्साला येण्याआधी, ज्या घराशी आपण बोलणे टाकले आहे, त्याचे दार एकदा वाजवूया.