षोडशांशाचा हिशेब

तीर्थयात्रेचे पुण्य ही वस्तू डोळ्यांना दिसणारी नसली, तरी आपल्या निबंधकारांनी तिचा जमाखर्च एखाद्या मुरलेल्या फडणविसाच्या काटेकोरपणाने मांडून ठेवला आहे. जो दुसऱ्याकरिता म्हणून यात्रेस निघतो, त्याला फळाचा सोळावा हिस्सा. जो भलत्याच कामासाठी बाहेर पडून वाटेत तीर्थ लागले म्हणून स्नान उरकतो, त्याला निम्मा. आणि ऐश्वर्याच्या तोऱ्याने, लोभाने किंवा मोहाने जो वाहनात बसून तीर्थास जातो त्याची यात्रा, मत्स्यपुराणातील प्रयागमाहात्म्याच्या मते, समूळ निष्फळ. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा चौथा खंड 1953 साली प्रसिद्ध झाला. तीर्थयात्रेच्या प्रकरणात ही वचने तेथे सापडतात, आणि ती वाचताना आपल्या पदरी एकूण किती जमा असेल याचा अंदाज मनातल्या मनात न बांधणारा वाचक विरळाच.

या वचनांचे स्मरण व्हावे असे स्थळ, ॲरिझोनातील फिनिक्सहून उत्तरेकडे जाणारा महामार्ग, हे खचितच नव्हे. परंतु कोथरुडातील आमच्या पिढीचे वानप्रस्थ हल्ली तिकडेच घडते. अंगावर सुरकुत्या, डोक्यावर पिकले केस आणि अपत्याचे अपत्य दृष्टीस पडले म्हणजे गृहस्थाने वनाची वाट धरावी, असे मनूने सांगितले आहे. कोथरूडकर गृहस्थ नातवाचे मुख पाहण्यासाठीच मुळी विमानाची वाट धरतो, आणि कर्वे रस्त्यावरची रिक्षा, कोपऱ्यावरचा वाणी, म्हातोबाच्या टेकडीवरचा सकाळचा फेरा व मृत्युंजयेश्वराचे सोमवारचे दर्शन हे सर्व मागे टाकून, जेथे कोथिंबिरीची जुडी आणायची तरी मुलाच्या मोटारीची प्रतीक्षा करावी लागते, अशा मुलुखात काही महिन्यांची परवानगी घेऊन उतरतो. वनात निदान कंदमुळे तरी स्वतःच्या हाताने खणता येत असावीत.

आम्हां उभयतांना ग्रँड कॅनियन दाखवावयाचे, असे चिरंजिवांनी ठरविले आणि आम्ही निघालो, तेव्हा मोटारीत पाच जीव होते, आणि त्यांतला एकही स्वतःसाठी निघालेला नव्हता. मुलाने ती दरी पूर्वीच पाहिली होती; तो निघाला होता आमच्यासाठी. मला लांबच्या प्रवासात कंबर दुखते. मी निघालो होतो त्याने रजा काढली होती म्हणून. सूनबाई नवऱ्याच्या आग्रहास्तव आल्या होत्या, आणि नातू, ज्याला घरी खेळत बसणे सर्वांत प्रिय, तो आमच्या सोबतीसाठी पट्ट्याने आसनाला बांधला गेला होता. कुटुंबाने पहाटे उठून दुधात भिजवलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी मुलाला आवडते म्हणून बांधून घेतली. मुलाच्या मनात आईला फ्लॅगस्टाफच्या उपाहारगृहात बसवून खाऊ घालावे असे होते. शेवटी त्याने तिच्यासाठी दशम्या खाल्ल्या, तिने त्याच्यासाठी पॅनकेक खाल्ले, आणि दोघांनीही फार छान झाले म्हणून सांगितले. निबंधकारांच्या नियमाने प्रत्येकाच्या नावे एकेक षोडशांश. उरलेले पंधरा-पंधरा हिस्से कोणाच्या खाती पडले?

त्या दरीला तीर्थ म्हणावे काय, हा प्रश्न आडवा येईल. क्लॅरेन्स डटन नावाच्या भूशास्त्रज्ञाने 1882 च्या आपल्या ग्रंथात तेथल्या शिखरांना विष्णूचे मंदिर, शिवाचे मंदिर अशी नावे दिली. दरीच्या तळाशी जो सुमारे एकशे सत्तर कोटी वर्षांचा काळा खडक आहे, त्यालाही पुढे विष्णूचेच नाव मिळाले. फलकावर ते नाव वाचून कुटुंबाने हात जोडले. मला ते थोडे घाईचे वाटले, कारण त्या साहेबाला शिखरांचा आकार देवळांसारखा दिसला, एवढाच त्या नावांचा आधार; त्या भूमीला खरोखर पवित्र मानणारे होपी लोक, ज्यांच्या श्रद्धेप्रमाणे मनुष्यजात या जगात वर आली ती त्याच दरीतून, त्यांना कोणी नावे विचारली नव्हती. तरीही दुसऱ्या दिवशी पहाटे मुक्कामी पूजेला बसलो तेव्हा संकल्पाशी मी अडखळलो. दंडकारण्य आणि गोदावरीचा दक्षिण तीर हा जन्माचा पत्ता. अमेरिकेतले काही पुरोहित त्याऐवजी क्रौंचद्वीपाचा उच्चार करतात. आम्ही उतरलो होतो कोलोरॅडोच्या दक्षिण तीरावर. दिशा तरी चुकली नाही, असे म्हणून मी पाणी सोडले.

परार्थ आणि प्रसंग, म्हणजे दुसऱ्यासाठी निघणे आणि भलत्या कामाच्या वाटेत तीर्थ लागणे, यांची सरमिसळ आपल्याकडे नवी नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 साली उत्तरेकडे निघाले ते यात्रेसाठी नव्हे. घरावरचे कर्ज फिटावे म्हणून बायजाबाई शिंद्यांच्या मथुरेतील यज्ञाची दक्षिणा मिळवावी, हा त्यांचा हेतू होता. बंडाच्या धामधुमीत मिळाले ते लुटले गेले. परंतु परतताना त्यांनी गंगोदकाची कावड खांद्यावरून कोकणात आणली आणि आईवडिलांना त्या पाण्याने स्नान घातले. यात्रा प्रासंगिक, कावड परार्थ. त्यांच्या पुण्याचा अपूर्णांक काढण्यास एखादा ज्योतिषीच बसवावा लागेल.

अशा वेळी फलत्यागाचे गीतावचन पुढे करून मोकळे होता येते. पण ते उत्तर मला फार स्वस्त वाटते. आमच्यापैकी निष्काम कोणीच नव्हते. समोरचा सुखावलेला दिसावा, ही प्रत्येकाची कामना होती, आणि ती पुरती न झाल्यास प्रत्येकजण रुसणारही होता. माझे म्हणणे वेगळे आहे. शास्त्राने दानाइतकाच प्रतिग्रहाचा, म्हणजे घेण्याचा, विचार केलेला आहे. घेणाऱ्याला पात्रता लागते, आणि घेणे हे पुष्कळदा देण्याहून जोखमीचे मानले आहे. पुंडलिकाच्या कथेत देव विटेवर ताटकळला, हे पोराटोरांना ठाऊक असते. पाय चेपून घेणाऱ्या त्या म्हाताऱ्यांना काय वाटले, हे कोणी विचारीत नाही. मुलाच्या हातून सेवा घेताना, विशेषतः हयातभर ज्यांनी केवळ दिलेच आहे त्यांना, काय सोडावे लागते? पैसा नव्हे, अधिकार सोडावा लागतो. पेट्रोल भरताना मी पाकीट काढले, तेव्हा चिरंजीव म्हणाले, "बाबा, तुम्ही आता फक्त बसा." मी बसलो, आणि मोटारीच्या खणात वीस डॉलरची नोट सरकवून ठेवली. ती संध्याकाळी माझ्या कोटाच्या खिशात परत आली होती, दुसऱ्या दिवशी पुन्हा खणात गेली, आणि तिची ही येरझार नातवाखेरीज कोणीच उघड मान्य केली नाही.

ते पंधरा हिस्से याच येरझारीत अडकून पडले होते, असे मला वाटते. परार्थाने जाणाऱ्याच्या वाट्याला सोळावाच भाग येतो, कारण उरलेले फळ ज्याच्यासाठी तो गेला त्याने उचलावयाचे असते. त्याने हात मागे घेतला तर ते कोणाचेच होत नाही. शास्त्रकारांनी जाणाऱ्याचा हिस्सा ठरवून दिला, तो उचलणाऱ्याचे धैर्य गृहीत धरूनच.

काशीहून आल्यावर मावंदे घालतात, तसे आमच्या घरीही कोथरूडला परतल्यावर चार शेजारी जेवले. बदामांच्या पुड्या वाटल्या गेल्या. चिरंजिवांचा त्याच रात्री फोन आला. पुढच्या खेपेस येलोस्टोनला नेतो, म्हणाले. पेट्रोलाचा विषय मी काढला नाही. मुक्कामाच्या भाड्याचा मात्र काढला.