पार्थपूरची दुहेरी वाट

रानात माणूस वाट चुकतो आणि भुलभुलैयातही चुकतो, पण दोन्हीकडच्या चुकण्यात फरक आहे. रान कोणी आखलेले नसते. तिथून बाहेर नेणारी वाट असेलच, अशी हमी कोणी दिलेली नसते. भुलभुलैया मात्र कोणीतरी विचार करून रचलेला असतो. आत शिरणाऱ्याला वळणे ठाऊक नसली तरी वाट आहे एवढे ठाऊक असते, आणि तेवढ्या भरवशावर तो आनंदाने चुकत राहतो. मुलांच्या मासिकातले ‘वाट शोधा’चे साधे चित्रही याच भरवशावर चालते. संसाराबद्दल विचार करणाऱ्यालाही कधी ना कधी हे ठरवावे लागते, की हे रान आहे की भुलभुलैया. ईश्वर मानणारा ‘भुलभुलैया’ म्हणतो, आणि लगेच पुढच्या प्रश्नात अडकतो: वाट दाखवायचीच होती, तर ती लपवली कशाला?

ब्रह्मसूत्रांनी याला दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे. ज्याला मिळवायचे काहीच उरलेले नाही, त्याची निर्मिती गरजेतून होत नाही. ती लीला असते. शंकराचार्य त्यावरील भाष्यात राजाच्या क्रीडेचा आणि आपोआप चालणाऱ्या श्वासाचा दाखला देतात. हे मान्य केले की प्रश्न भक्ताकडे वळतो. देव खेळतो, तर भक्तानेही त्याच्याशी खेळावे का? अक्षरांच्या वाटा वळवून, वाचणाऱ्याला मुद्दाम चकवून केलेली स्तुती ही उपासना, की बुद्धीची चैन? परभणी जिल्ह्यातल्या पाथरीत सोळाव्या शतकात एका गणितज्ञाने जे काव्य रचले, त्यात हा प्रश्न अगदी टोकाला जाऊन भिडतो.

त्याआधी चक्रव्यूहाकडे एकदा पाहायला हवे. हळेबीडच्या होयसळेश्वर मंदिरावर, बाराव्या शतकातल्या शिल्पात, अभिमन्यूचा चक्रव्यूह गोल गोल वळणाऱ्या वाटेच्या रूपात कोरलेला आहे. या प्रकारच्या आकृतीत फाटे नसतात. एकच वाट वळणे घेत मध्यापर्यंत जाते, त्यामुळे कुठे वळायचे हा पेच तिथे पडतच नाही. परतण्याचा पेच मात्र पडतो. अभिमन्यूला आत जाणे ठाऊक होते, बाहेर येणे ठाऊक नव्हते. आणि कागदावर पाहिले तर बाहेर येणे म्हणजे तीच वाट शेवटाकडून सुरुवातीकडे चालणे. एका दिशेने अवगत असलेली वाट दुसऱ्या दिशेने अनोळखी होते, हे त्या कथेचे मर्म आहे.

पाथरीचे जुने नाव पार्थपूर. गोदावरीच्या उत्तरेकडच्या या गावी ज्योतिषशास्त्राची परंपरा असलेले एक घराणे राहत होते. त्यातल्या ज्ञानराजांनी १५०३च्या सुमारास ‘सिद्धान्तसुंदर’ हा ग्रहगणिताचा ग्रंथ लिहिला आणि त्यात ऋतुवर्णनाचे एक काव्यमय प्रकरणही घातले. त्यांचे पुत्र सूर्य पंडित, म्हणजेच सूर्यदास. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’वर त्यांनी १५३८ मध्ये ‘सूर्यप्रकाश’ आणि ‘लीलावती’वर १५४१ मध्ये ‘गणितामृतकूपिका’ या टीका लिहिल्या. ‘परमार्थप्रपा’ ही गीतेवरील टीकाही त्यांचीच. पाथरीच्या ताब्यासाठी अहमदनगरची निजामशाही आणि वऱ्हाडची इमादशाही भांडत होत्या, त्याच काळात या घरात ही ग्रंथरचना चालली होती. ‘रामकृष्णविलोमकाव्य’ ही त्यातलीच एक कृती. तिच्यात चाळीसही श्लोक नाहीत.

प्रत्येक श्लोकाचा पहिला अर्धा भाग रामाविषयी आहे. तीच अक्षरे शेवटाकडून वाचत आले की श्लोकाचा दुसरा अर्धा भाग तयार होतो, आणि तो कृष्णाविषयी असतो. अशी अक्षरांची उलटापालट संस्कृतात नवी नव्हती. भारवीने ‘किरातार्जुनीया’च्या पंधराव्या सर्गात आणि माघाने ‘शिशुपालवधा’च्या एकोणिसाव्या सर्गात तसे श्लोक घातले आहेत, पण तिथे ती सर्गापुरती चमत्कृती आहे. सगळे काव्यच या एका नियमावर उभे करण्याचे, आणि दोन दिशांना दोन अवतार बसवण्याचे श्रेय सूर्य पंडितांना दिले जाते.

रचना किती बारकाईची आहे, ते पहिल्याच श्लोकात दिसते. शाळेत वृत्ते शिकलेल्याला इंद्रवज्रा आठवेल: त, त, ज आणि दोन गुरू, अशी अकरा अक्षरांची ओळ. ही ओळ उलटी वाचायची तर पहिल्या अक्षराचे वजन अकराव्याशी, दुसऱ्याचे दहाव्याशी, असे जुळत जायला हवे. मांडून पाहिले तर सगळ्या जोड्या जुळतात, एक सोडून. पाचवे अक्षर गुरू हवे आणि सातवे लघू. उलट वाचताना त्यांच्या जागा बदलतात आणि वृत्त मोडते. सूर्य पंडितांनी या एका फटीवर काढलेला तोडगा पाहण्यासारखा आहे. पाचव्या आणि सातव्या जागी त्यांनी एकच ऱ्हस्व अक्षर ठेवले आणि मधे, सहाव्या जागी, जोडाक्षर बसवले. जोडाक्षराच्या आधीचा ऱ्हस्व स्वर गुरू होतो, नंतरचा लघूच राहतो. म्हणून कोणत्याही बाजूने आले तरी आधी भेटणारे अक्षर जड आणि मागाहून भेटणारे हलके ठरते. पहिल्या चरणात ही तीन अक्षरे आहेत मु, क्ति, मु. दुसऱ्या चरणातही हीच युक्ती भ, व्य, भ या अक्षरांनी साधली आहे.

पहिल्या चरणाच्या बरोबर मध्यावर अशी ‘मुक्ति’ येते. रामाच्या बाजूने येताना ती सीतेची रावणाच्या कैदेतून झालेली सुटका आहे. कृष्णाच्या बाजूने येताना तीच अक्षरे पूतनेच्या प्रसंगाशी जोडली जातात. एकीकडे सोडवून आणलेली पत्नी, दुसरीकडे विष पाजायला आलेली राक्षसी, आणि दोघींसाठी सुटण्याचा शब्द एकच. कृष्णाच्या हातून मरणारीही तरून जाते, हा भागवताचा सिद्धान्त इथे अक्षरांच्या जागेनेच मांडला गेला आहे.

या वाटेला काही सवलती आहेत. उलटताना सुटा वर्ण न धरता पूर्ण अक्षर धरायचे, म्हणून ‘क्ति’ फुटत नाही. विसर्ग असला-नसला तरी चालतो, ही चित्रकाव्याची जुनी मुभा. संधीमुळे शब्द कुठेही तोडता येतो. तरीही किंमत मोजावी लागतेच. कृष्णाच्या ओळींत दुर्मिळ अर्थाचे शब्द येतात, समास ताणले जातात, आणि टीकेचा हात धरल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. ती टीकाही सूर्य पंडितांनी स्वतःच लिहिली. भुलभुलैया रचणाऱ्यानेच त्याचा नकाशा सोबत दिला, आणि हे उचित झाले. लपवण्यातला खेळ कोणालाच बाहेर पडता येऊ नये म्हणून नसतो.

हे सुचायला गणित कारण झाले का, हे सांगता येणार नाही. पण ‘लीलावती’त व्यस्तविधी आहे आणि त्यावर सूर्य पंडितांनी टीका केली आहे, हे खरे. उत्तर दिलेले असते, मूळ संख्या शोधायची असते. मग शेवटाकडून निघायचे, गुणाकार असेल तिथे भागाकार करायचा, बेरीज असेल तिथे वजाबाकी, वर्ग असेल तिथे वर्गमूळ. कागदावरचा भुलभुलैया सोडवणारेही पुष्कळदा शेवटाकडून सुरुवात करतात, कारण रचणाऱ्याने फसवे फाटे प्रवेशाकडून येणाऱ्याला चकवण्यासाठी पेरलेले असतात. परतीची वाट हेही एक शास्त्र आहे, असे मानणाऱ्या माणसाने हे काव्य रचले, एवढे तरी निःशंक म्हणता येते.

साहित्यशास्त्राचा कौल मात्र अशा रचनेच्या विरुद्ध आहे. आनंदवर्धनांनी चित्रकाव्याला खरे काव्य मानले नाही. मम्मटाने त्याला सर्वात खालच्या पायरीवर बसवले. रस नसेल आणि नुसती करामत असेल, तर वाचणाऱ्याचे मन कवीच्या हुशारीवर अडकते, विषयापर्यंत पोहोचत नाही. भक्तीच्या बाजूने हाच आक्षेप आणखी धारदार होतो. परभणी जिल्ह्यातच, गोदाकाठच्या गंगाखेडला जन्मलेल्या जनाबाईंना विठ्ठलाशी बोलायला नकाशा लागला नाही. जात्यावर दळताना जे मनात आले ते त्यांच्या अभंगांत उतरले, आणि ते ओवी गाणाऱ्या बायांनाही कळले. पार्थपूरच्या काव्यात शिरायला व्याकरण, कोश आणि टीका लागतात. ज्याला ही दारे बंद आहेत, त्याला तो भुलभुलैया नुसती भिंत आहे.

हा आक्षेप मोठा आहे आणि तो पूर्णपणे फेडता येत नाही. तरी आनंदवर्धनांचा निकष इथे थोडा अपुरा पडतो. बहुतेक चित्रकाव्यात आकृती आणि अर्थ यांचा संबंध नसतो. श्लोक कमळाच्या किंवा तलवारीच्या आकारात बसवला, म्हणून त्याच्या अर्थात भर पडत नाही. विलोमकाव्यात आकृती हेच प्रतिपादन आहे. राम आणि कृष्ण एकाच विष्णूची रूपे आहेत, हे कीर्तनात शंभरदा सांगितले जाते. इथे ते सांगितलेले नाही, करून दाखवले आहे. अक्षर एकही नवे घेतले नाही, एकही उरले नाही, बदलली ती फक्त वाचण्याची दिशा. मर्यादापुरुषोत्तम आणि गोकुळातला खोडकर पोर यांच्या चरित्रांत जी तफावत वाटते, तिचे मूळ पाहणाऱ्याच्या दिशेत आहे, असे म्हणण्याचा याहून नेमका मार्ग नाही. नियमाची सक्ती इथे अर्थ सांगते, म्हणून या खेळाला उपासना म्हणायला हरकत नाही. जनाबाईंची वाट सरळ होती आणि ती अधिक लोकांची वाट आहे. पण गणिताने घडलेल्या मनाला आपले सर्वस्व देवापुढे ठेवायचे तर ते त्याने गणितासारखेच ठेवावे, यात खोटे काही नाही.

सतराव्या शतकात कांचीच्या वेंकटाध्वरींनी ‘यादवराघवीय’ रचले. तिथेही सुलट राम आहे आणि उलट कृष्ण, पण पूर्ण श्लोक उलटल्यावर दुसरा पूर्ण श्लोक मिळतो, त्यामुळे दोन्ही कथा स्वतंत्र राहू शकतात. सूर्य पंडितांनी दोघांना एकाच श्लोकात कोंडले आणि त्यातून एक गोष्ट आपोआप घडली. त्यांचा अख्खा श्लोक उलटा वाचला तर नवा श्लोक मिळत नाही, तोच पुन्हा मिळतो: आधी राम, मग कृष्ण. त्यामुळे मूळ कोणते आणि उलट कोणते हे त्या श्लोकापुरते ठरवता येत नाही, आणि दोन अवतारांत थोरला कोण हा वाद घालायला तिथे जागाच उरत नाही.