लढून परतलेल्याचा मान

नगर जिल्ह्यात अकोल्याच्या डोंगरांपासून भीमाकाठच्या श्रीगोंद्यापर्यंत जुन्या देवळांच्या आवारात वीरगळ दिसतात. ही दगडी गोष्ट खालून वर वाचायची: तळाच्या कप्प्यात पडलेला वीर किंवा त्याची लढाई, मग अप्सरांनी स्वर्गाला नेणे, वर शिवपूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य. आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर अक्षर नसते. पराक्रम दिसतो, माणूस कोण ते कळत नाही. एक अट मात्र पक्की असते. वीर पडलेला असला पाहिजे. त्याच लढाईतून जो जिवंत परतला, नांगराला लागला आणि म्हातारा होऊन अंथरुणावर गेला, त्याच्या वाट्याला असा दगड सहसा आला नाही.

आज याच भागात एखादा वयोवृद्ध माजी सैनिक वारला, की तालुक्यातल्या निवृत्त फौजींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप फिरतो. अंत्यविधीच्या वेळेपर्यंत आसपासच्या गावांतले ‘मेजर’ गोळा होतात. गावात हवालदार असो की शिपाई, सगळे मेजरच. डोक्यावर रेजिमेंटची टोपी, छातीवर पदके. ते पुष्पचक्र वाहतात, रांगेत उभे राहून सॅल्यूट देतात, तिरडीला खांदा देतात. त्यांतल्या काहींनी मृताला कधी पाहिलेलेही नसते. पडलेल्या वीराचा मान परतलेल्या सैनिकापर्यंत पोहोचायला बराच काळ लागला.

मराठेशाहीत कामी आलेल्या शिपायाच्या मुलाबाळांना ‘बालपरवेशी’, म्हणजे निर्वाहाची नेमणूक, मिळे. मरणाची दखल आता घराच्या चुलीपर्यंत आली होती. पुणे-नगर रस्त्यावरच्या कोरेगाव भीमाच्या स्तंभावर १८१८ च्या लढाईत पडलेल्या साध्या शिपायांची नावे कोरली गेली. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने गावोगावी संगमरवरी पाट्या बसवल्या. या गावातून इतके जण युद्धावर गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. पण त्या कोरड्या हिशेबात गेलेल्यांच्या आकड्यात परतलेलेही धरले होते. नाव नाही, गौरव नाही, तरी मोजणीत ते आले.

संगमनेर तालुक्यातल्या निमजचे नामदेव जाधव हे अशा परतलेल्यांपैकी. ९ एप्रिल १९४५ च्या रात्री इटलीत सेनिओ नदीच्या काठी मराठा लाइट इन्फंट्रीच्या या तेवीस वर्षांच्या शिपायाने आधी एका जखमी सोबत्याला खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे आणले. मग पुन्हा जाऊन दुसऱ्या जखमीला आणले. शत्रूच्या मशीनगन त्यांनी एकट्याने बंद पाडल्या त्या यानंतर. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेला हा माणूस पुढे हवालदार झाला आणि १९८४ मध्ये वारला. पराक्रमाची एक रात्र आणि त्यानंतरची एकोणचाळीस वर्षे. वीरगळ कोरणाऱ्याला ही वर्षे कोणत्या कप्प्यात बसवावी, हे कळले नसते.

स्वातंत्र्यानंतरही सीमेवर पडलेला जवान बहुधा घरी येत नसे. १९६५ मध्ये पूना हॉर्सचे परमवीर लेफ्टनंट कर्नल आर्देशीर तारापोर यांच्यावर रणभूमीवरच अग्निसंस्कार झाले. घरी यायची ती तार. १९९९ च्या कारगिल युद्धात जवानांची पार्थिवे त्यांच्या गावी पोहोचवण्याची व्यवस्था झाली आणि लष्करी निरोप गावाने प्रथमच इतक्या जवळून पाहिला. रस्त्यावर सडा-रांगोळी, तिरंगा धरलेली शाळकरी मुले, उलट्या धरलेल्या बंदुका, बिगुल, फैरी. तोवर छावणीत होणारा विधी गावाच्या ओळखीचा झाला. पुढे निवृत्त होऊन आलेल्या जवानाची मिरवणूक निघू लागली. पाठोपाठ म्हातारपणी गेलेल्या फौजीलाही मानवंदना हवी, असे त्याच्या सोबत्यांना वाटले तर नवल नाही.

ही ओढ फक्त आपलीच नाही. अमेरिकेत आर्लिंग्टन दफनभूमीत एकही सैनिक सोबतीविना पुरला जाऊ नये म्हणून १९४८ पासून स्वयंसेविका उभ्या राहतात. ब्रिटनमध्ये २०१३ साली हॅरोल्ड पर्सिव्हल हा ९९ वर्षांचा, युद्धकाळी हवाईदलात जमिनीवरचे काम केलेला माणूस वारला. अंत्यविधीला कोणी नसेल म्हणून वर्तमानपत्रातून आवाहन झाले आणि शेकडो अनोळखी लोक आले.

सरकारी मान आणि हा मान यांत एक भेद आहे. सरकार हुद्दा विचारते, पदक विचारते, मृत्यू कसा झाला ते विचारते. तिरंगाही शासकीय, लष्करी व केंद्रीय निमलष्करी अंत्यसंस्कारातच पार्थिवावर घालता येतो, गावकऱ्यांना आपल्या मर्जीने नाही. माजी सैनिकांच्या हाती बंदूक नाही, बिगुल नाही. ते एवढेच विचारतात: हा वर्दीत होता ना? वीरगळावर पराक्रम असतो, नाव नसते. इथे नाव असते, पराक्रम सांगण्यासारखा असेलच असे नाही. कोणी सोळा-सतरा वर्षे गाडी चालवली असेल, कोणी लंगर सांभाळला असेल, आणि चाळिशीच्या आत परतून उरलेले आयुष्य शेतात किंवा बँकेच्या दारात पहाऱ्यावर काढले असेल.

यावर एक रास्त प्रश्न येतो: मग पाथर्डी-शेवगावच्या ऊसतोड कामगाराने काय कमी राबायचे ठेवले? सैनिकाला देव केले, की बाकीच्यांचे श्रम झाकले जातात. दशक्रियेला पुढाऱ्यांची भाषणे लांबतात तेव्हा हा धोका खरा वाटतो. पण फौजींची रांग या भाषणांच्या जातीची नाही. वारकरी गेला की भजनी मंडळ बोलावणे न येता टाळ-मृदंग घेऊन येते, ही रीत गावाला फार जुनी आहे. सोबत चाललेल्यांनी सोबत चाललेल्याला पोहोचवायचे. ऊसतोडीच्या टोळीने आपल्या मुकादमाला किंवा मजुराला असेच पोहोचवले, तर त्याचा मानही तितकाच अस्सल असेल.

हा मान सोबतीचा आहे, म्हणून त्याची कसोटी स्मशानाबाहेर आहे. फौजी गेला की त्याच्या पत्नीचे कुटुंब निवृत्तिवेतन सुरू व्हायला मृत्यूचा दाखला, रेकॉर्ड ऑफिसचा पत्रव्यवहार, ‘स्पर्श’ प्रणालीवरची नोंद आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या फेऱ्या लागतात. शेतावर राहणाऱ्या बाईला हे एकटीने झेपत नाही. नामदेव जाधवांनी त्या रात्री आधी जखमी मागे आणले, मग बंदूक उचलली. तोच क्रम इथे लागू आहे. सॅल्यूट देणाऱ्यांपैकी एकाने तेराव्यानंतर त्या घरचे कागद हाती घेतले, तर सैनिकी शिस्त गावात उतरली म्हणायची. नाहीतर पुष्पचक्र हे फोटोपुरतेच राहील.