मुलांसाठी लिहिलेलं खरं संगीत

मुलांसाठी संगीत लिहायचं म्हटलं, की भलेभले संगीतकार हात आखडता घेतात. चाल गोड, ताल सरळ. स्वतःला जे खरोखर ऐकू येतं ते मोठ्यांच्या मैफलीसाठी राखून ठेवलेलं. इंग्रज संगीतकार पीटर मॅक्सवेल डेव्हिस (१९३४–२०१६) यांनी अशी वाटणी केली नाही. त्यांच्या नावावर दहा सिम्फनी आहेत, ऑपेरा आहेत. तरी त्यांची मोठी कामगिरी शोधायची तर आधी शाळेच्या वर्गात जावं, असं मला वाटतं.

ते मूळचे सॅलफर्डचे. ज्या शाळेत शिकले तिथे संगीताची सोय नव्हती. बरंचसं स्वतःच धडपडून मिळवलं. मँचेस्टरला संगीतकार हॅरिसन बर्टविसलसारखे सोबती भेटले. तिथे विद्यार्थी असताना त्यांनी प्रबंधासाठी भारतीय संगीत हा विषय घेतला, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. पुढे रोममध्ये संगीतकार गोफ्रेदो पेत्रासींकडे शिक्षण झालं आणि १९५९ मध्ये ते सायरेन्सेस्टर या छोट्या गावातल्या ग्रामर स्कूलमध्ये संगीतशिक्षक म्हणून रुजू झाले.

तिथली तीन वर्षं त्यांच्या चरित्रात मला सर्वांत महत्त्वाची वाटतात. त्यांनी मुलांना वाजवायला दिलं, तसंच रचायलाही लावलं. वर्गात जी वाद्यं आणि जसे वादक असतील, त्यांच्यासाठी ते स्वतः स्वरलेखन करत. मॉन्तेवेर्दींचं सतराव्या शतकातलं संगीत त्याच मुलांकडून गाऊन-वाजवून घेत. १९६० मध्ये शाळेसाठी लिहिलेली ‘ओ माग्नुम मिस्टेरियुम’ ही रचना याच विचारातून आली. नाताळची गीतं मुलांनी वाद्यांच्या साथीशिवाय गायची, मधले वाद्यखंड मुलांनीच वाजवायचे आणि शेवटी ऑर्गनवर एक दीर्घ फँटसिया. ही फँटसिया मात्र कसलेल्या वादकाचंच काम. मुलांनी गायलेलं स्वरबीज तिथे अवघड, गडद होत उलगडत जातं. मुलांच्या गळ्याला न झेपणारं काही त्यांच्यावर लादलेलं नाही, पण सुरांचा कडवटपणा कुठे साखरेत घोळवलेलाही नाही. आपण गायलेल्या चार सुरांतून केवढं उभं राहू शकतं, हे त्या मुलांनी तिथेच बसून ऐकलं. याहून चांगला रचनेचा धडा मला ठाऊक नाही.

आपल्याकडच्या गाण्याच्या क्लासमध्ये मूल सरगमगीत शिकतं, छोटा ख्याल शिकतं, परीक्षा देतं. पुढे उपजेला वाव मिळतो, पण ‘चार ओळींना तूच चाल लाव’ असं दहा वर्षांच्या मुलाला किती गुरुजी सांगतात? आधी घराण्याची शिस्त अंगात मुरू दे, या आग्रहामागचं शहाणपण मला मान्य आहे. पण शिस्त आणि रचना एकत्र शिकवता येतात, हे सायरेन्सेस्टरने दाखवलं.

१९६९ मध्ये डेव्हिस यांच्या ‘वर्ल्डेस ब्लिस’ या रचनेमुळे लंडनच्या प्रॉम्स महोत्सवातले श्रोते चिडले, बरेच जण उठून गेले. असा माणूस स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांवर जाऊन राहिला आणि तिथल्या मुलांसाठी लिहू लागला. १९७७ मध्ये कवी जॉर्ज मॅके ब्राऊन आदींच्या सोबतीने सेंट मॅग्नस महोत्सव सुरू झाला. पुढच्याच वर्षी ‘द टू फिडलर्स’ हा ऑपेरा कर्कवॉलच्या शाळकरी मुलांनी उभा केला. कथा ब्राऊन यांची, फिडल बेटांवरच्या लोकपरंपरेतलं. हॉय बेटावर पुढे तरुण संगीतकारांसाठी उन्हाळी शिबिरंही भरली.

स्कॉटिश चेंबर ऑर्केस्ट्रासाठी त्यांनी दहा ‘स्ट्रॅथक्लाइड कन्चेर्टो’ लिहिले. त्यांना जोडून तरुण संगीतकार शाळांत जात आणि विद्यार्थी स्वतःच्या रचना तयार करत. म्हणजे एकाच उपक्रमात दोन पिढ्या घडत होत्या: शिकणारी मुलं आणि शिकवायला शिकणारे तरुण. पण यामागे स्ट्रॅथक्लाइडच्या प्रादेशिक कौन्सिलचं पाठबळ होतं आणि १९९६ मध्ये ते कौन्सिलच बरखास्त झालं. असं काम एकट्याच्या प्रतिभेवर चालत नाही. त्याला सार्वजनिक पैसा लागतो आणि वेळापत्रकात हक्काचा तासही. २००४ मध्ये डेव्हिस ब्रिटनच्या राणीचे संगीतप्रमुख झाले. दहा वर्षांच्या त्या मानाच्या पदाचं वजन त्यांनी शाळांमधल्या संगीतशिक्षणाच्या बाजूने वापरलं आणि त्याची आबाळ होते आहे, हे जाहीरपणे बजावत राहिले.